हनौमा बे: प्रवाळाला पाय न लावता

हवाईतल्या ओआहू बेटाच्या आग्नेय टोकाला, वायकिकीपासून साधारण १६ किलोमीटरवर, हनौमा बे आहे. ज्वालामुखीच्या विवराची एक कड समुद्राने फोडली, पाणी आत शिरलं आणि त्यात प्रवाळ वाढलं. कमरेएवढ्या पाण्यातही रंगीत मासे दिसतात, त्यामुळे पहिल्यांदाच स्नॉर्केलिंग करणाऱ्यांसाठी ही फार उत्तम जागा आहे.

इतके नियम का?

१९६७ साली इथे मासेमारी बंद झाली. मासे वाढले आणि ते बघायला माणसांची झुंबड उडाली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वर्षाला सुमारे ३० लाख. लोक माशांना ब्रेड नि मटार खायला घालत, प्रवाळावर उभे राहत. शेवटी माणसांची संख्याच मर्यादित करावी लागली, आणि तेच योग्य झालं. आता सोमवार-मंगळवारी उपसागर बंद असतो. बाहेरच्या पर्यटकांना दोन दिवस आधी ऑनलाइन बुकिंग करता येतं, ते काही मिनिटांत संपतं. किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी नऊ मिनिटांची फिल्म बघणं सक्तीचं आहे.

दगड नव्हे, जीव

फिल्मचा गाभा एकच: प्रवाळावर पाय ठेवू नका. वरून खडक दिसतो, पण त्यावर असंख्य चिमुकल्या जिवांचा पातळ थर असतो. पायातल्या फिनचा एक फटका त्याला पुरतो. इथलं बरंचसं प्रवाळ वर्षाला जेमतेम एखाद-दोन सेंटीमीटर वाढतं. किनाऱ्यालगतच्या खडकावर जिवंत प्रवाळ आता थोडंच उरलंय. दम लागला तर वाळूचा पट्टा बघून तिथेच उभं राहा.

कान पाण्यात ठेवून शांत तरंगलात तर कुरकुर ऐकू येईल. पॅरटफिश चोचीसारख्या दातांनी खडक खरवडत असतो. खडकावरचं शेवाळ त्याच्या पोटात जातं आणि खडकाचा चुरा पांढरी वाळू होऊन मागून बाहेर पडतो. मोठा पॅरटफिश वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो!

मास्क आणि क्रीम

मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर धरा आणि नाकाने श्वास आत ओढा. चिकटून राहिला तर मापाचा. दाट मिशी असेल तर पाणी झिरपतंच. प्रवाळाला घातक म्हणून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईत १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे. क्रीमपेक्षा लांब बाह्यांचा रॅशगार्ड घालणं केव्हाही बरं.

कुठे जपायचं

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करताना गाइड सोबत असतो. इथे तुम्ही एकटेच पाण्यात असता. लाइफगार्ड असतात, पण आतल्या खडकापलीकडे पाणी खोल आणि ओढ जबरदस्त, म्हणून नवख्यांनी तिकडे जाऊच नये. पौर्णिमेनंतर आठ ते दहा दिवसांनी, म्हणजे वद्य अष्टमी ते दशमीच्या सुमारास, बॉक्स जेलीफिश किनाऱ्याकडे येतात. त्यांचा डंख फार दाहक असतो, कधीकधी उपसागर बंदही ठेवतात. तेव्हा बुकिंगची तारीख तिथी बघूनच ठरवा.