कणीक एक, पदार्थ तीन!

दोस्तांनो, एकाच कणकेच्या पोळ्या होतात, पुऱ्या होतात नि पराठेही होतात, हो ना? संगणकावरच्या तीन खेळांचंही तसंच आहे बरं का! ‘बाल्डर्स गेट’ (१९९८), ‘प्लेनस्केप: टॉरमेंट’ (१९९९) आणि ‘आइसविंड डेल’ (२०००) हे तिन्ही खेळ ‘इन्फिनिटी’ नावाच्या एकाच इंजिनावर बनले. पण चव? अगदी वेगळी!

गोष्ट आवडते? मग ‘टॉरमेंट’. नायक शवागारात जागा होतो. त्याला मरण येत नाही आणि आपण कोण, हेही आठवत नाही! इथे तलवारीपेक्षा बोलणं जास्त कामी येतं.

लढाई हवी? ‘आइसविंड डेल’ घ्या. सहाही वीर तुम्हीच घडवायचे. पण ते निमूटपणे तुमचं ऐकतात, स्वतःहून फारसं बोलत नाहीत.

‘बाल्डर्स गेट’मधले सोबती मात्र आपापल्या स्वभावाचे. तुम्ही दुष्टपणा केलात नि तुमचं नाव खराब झालं, की भले सोबती चक्क सोडून जातात! दुष्टांना तुमचा चांगुलपणा खुपतो. स्पेसबार दाबला की लढाई थांबते. मित्राचा रुसवा तसा थांबत नाही.

तेव्हा खेळ निवडताना नुसती चित्रं पाहू नका. तुमचं चुकलं, तर तोंडावर ‘नाही’ म्हणणारा सोबती त्यात आहे का, ते आधी बघा!