जवान सीमेवर, धम्म घरात

आपल्या समाजात सैनिकाचे घर ही काही नवी गोष्ट नाही. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगाव येथे आपले पूर्वज लढले. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे फौजेत सुभेदार होते आणि बाबासाहेबांचा जन्मही १८९१ साली महूच्या लष्करी छावणीत झाला. पुढे १८९०च्या दशकात महारांची भरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, १११ महार ही पलटण उभी राहिली आणि १९२१ साली ती मोडली गेली. शेवटी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. १९८७ साली श्रीलंकेत याच रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना वीरमरण आले व त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

हा इतिहास आपण दरवर्षी व्यासपीठावरून अभिमानाने सांगतो. परंतु कोरेगावच्या स्तंभावर सैनिकांची नावे आहेत, त्यांच्या आयाबायकांची नाहीत. मुलगा गेल्यावर ज्या घरात राहिल्या, ज्यांनी वाट पाहिली, त्यांच्याविषयी आपण फार थोडे बोलतो. म्हणून या स्मरणिकेत आम्ही त्या घराविषयी लिहीत आहोत.

घरातला माणूस फिल्डला जातो, तेव्हा काय होते? पत्त्यात गावाचे नाव नसते, केवळ युनिट आणि '५६ ए.पी.ओ.' किंवा '९९ ए.पी.ओ.' एवढेच असते. पूर्वी तार आली की पोस्टमन दिसताच घरातल्यांच्या पोटात गोळा येई. १९९९च्या कारगिल युद्धात लोक दूरदर्शनसमोर बसून राहत. आता तारसेवा बंद होऊनही बारा-तेरा वर्षे झाली. हातात मोबाईल आला, पण भीती गेली नाही. उलट 'रेंज नाही' म्हणून दोन दिवस फोन लागला नाही, की घरात चूल पेटत नाही. अवेळी फोन वाजला तर उचलायला हात धजत नाही.

अशा वेळी शेजारपाजारचे लोक सल्ला देतात. अमक्या देवाला नवस बोला, तमक्या भगताकडून ताईत आणा, शनिवार धरा. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही एखादी आई गुपचूप अंगारा आणून पाकिटातून मुलाला पाठवते. आम्ही तिला दोष देत नाही. जिचा जीव टांगणीला लागला आहे, तिला हसणे हा धम्म नव्हे. पण नवसाचे स्वरूप काय आहे, हे तिला समजावून सांगितलेच पाहिजे. नवस म्हणजे भीतीशी केलेला सौदा होय. मुलगा सुखरूप परतला तर नवस फेडायचा आणि नाही परतला तर आपलेच काही चुकले म्हणून जन्मभर स्वतःला खात राहायचे. म्हणजे नवस आईला आधार देत नाही, तिच्यावर आणखी एक ओझे टाकतो.

मग धम्म काय देतो? धम्म ताईत देत नाही. त्रिसरण-पंचशील म्हटल्याने सीमेवरची गोळी अडत नाही, ही गोष्ट आपण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पण धम्म मागे राहिलेल्या माणसाचे चित्त सावरतो. ते सावरले की त्याचा लाभ थेट सीमेवरच्या माणसापर्यंत पोहोचतो.

तथागतांनी भीतीचा विचार किती बारकाईने केला होता, हे भयभेरव सुत्तात दिसते. बोधी प्राप्त होण्यापूर्वी ते भयाण अरण्यात रात्री राहत. हरिण येई, मोरामुळे काटकी मोडे, वाऱ्याने पाने सळसळत आणि मनात येई की आले, ते भय आले. त्या वेळी ते चालत असतील तर चालतच राहत, बसले असतील तर बसूनच राहत आणि त्याच स्थितीत भय दूर सारीत. भीती आली म्हणून त्यांनी हातचे सोडले नाही. ही शिकवण घरातल्या बाईलाही लागू पडते. भाकरी थापताना भीती आली तर भाकरी पुरी करावी. मुलाचा अभ्यास घेताना आली तर धडा पुरा करावा. पळायला लागले की भीती पाठीला लागते.

दुसरी शिकवण संयुत्त निकायातल्या बाणाच्या दृष्टान्ताची. एखाद्याला एक बाण लागला आणि पाठोपाठ दुसराही लागला, तर तो दोन वेदना भोगतो. अज्ञ मनुष्याचे असेच होते. पहिले दुःख परिस्थितीचे असते, दुसरे तो मनाने स्वतःला करून घेतो. पोरगा दूर आहे, हा पहिला बाण आहे. तो लागणारच, कारण माया आहे. पण 'फोन आला नाही, म्हणजे नक्की काहीतरी झाले' हा दुसरा बाण होय. दिवसभर बातम्या लावून बसणे, व्हॉट्सॲपवरची खरीखोटी दृश्ये पाहणे, म्हणजे हा दुसरा बाण आपल्याच हाताने मारून घेणे होय. सैनिकाविषयी गंभीर वार्ता असेल तर ती त्याच्या युनिटकडून किंवा रेकॉर्ड ऑफिसकडून अधिकृतपणे कळविली जाते. त्यावाचून आलेल्या कोणत्याही बातमीवर घराने विश्वास ठेवू नये.

परंतु सैनिकाच्या घराला सर्वांत जवळची अशी कथा अंगुत्तर निकायात आहे. ती आपल्या विहारांतून फारशी सांगितली जात नाही. भग्ग देशात नकुलपिता आणि नकुलमाता हे उपासक दांपत्य राहत होते. नकुलपिता फार आजारी पडला. तेव्हा ती त्याच्या उशाशी बसून रडली नाही. काळजी मनात ठेवून जाऊ नका, असे मरण दुःखाचे असते आणि भगवंतांनीही ते चांगले म्हटलेले नाही, असे तिने त्याला सांगितले. मग त्याच्या मनात कोणत्या काळज्या असतील, त्या तिने स्वतःच एकेक करून काढल्या. मुले कोण पोसणार? मला कापूस कातता येतो, लोकर पिंजता येते, मी घर चालवीन. मी दुसरे घर करीन, असे वाटते? इतकी वर्षे आपण कसे राहिलो, ते तुम्ही जाणता. मी बुद्धांचे व संघाचे दर्शन सोडीन, असे वाटते? उलट जास्तच घेईन. माझे शील, माझ्या चित्ताची शांती, धम्मावरची माझी निष्ठा, यांविषयीही शंका बाळगू नका. हे ऐकता ऐकता नकुलपित्याचा आजार उतरला, असे सुत्तात म्हटले आहे. पुढे तो काठी टेकीत भगवंतांकडे गेला, तेव्हा अशी हितचिंतक पत्नी तुला लाभली हे तुझे भाग्य, असे ते त्याला म्हणाले.

सीमेवरचा माणूस थंडीला सरावतो, चढणीला सरावतो. घरच्या काळजीला मात्र तो सरावत नाही. आई जेवत नाही, बायको रडते, धाकट्याची फी राहिली आहे, हे ऐकून तो पहाऱ्यावर उभा राहतो तेव्हा त्याचे अर्धे लक्ष घरी असते. म्हणून नकुलमातेप्रमाणे त्याच्या काळज्या एकेक करून उतरवणे, हेच घराचे कर्तव्य होय. फोनवर 'कधी येणार?' याने सुरुवात न करता बाबांची औषधे आणली, फी भरली, मी जेवले, असे नेमके सांगावे. खोटे सांगू नये, कारण मुसावाद कळल्यावर पुढचे खरेही त्याला खरे वाटत नाही. अडचण असेल तर ती सांगावी आणि तिच्यावर आपण काय करीत आहोत, तेही सांगावे. तो कुठे आहे, हे खोदून विचारू नये व चारचौघांत बोलू नये. त्याचा सेना क्रमांक, युनिटचा व रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता, बँकेची व वारसनोंदीची कागदपत्रे घरात एका जागी ठेवावीत. अडल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे.

आता एक अवघड प्रश्न. विहारात पंचशील म्हणताना पुष्कळ आया आम्हांला विचारतात की माझा मुलगा बंदूक धरतो, मग पहिल्या शीलाचे काय? वैशालीचा सिंह हा सेनापती होता. तो तथागतांचा उपासक झाला, पण त्यांनी त्याला सेनापतीपद सोडायला लावल्याचे कुठे आढळत नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. मात्र दुसरी बाजूही लपवता कामा नये. रणात मरणारा स्वर्गाला जातो का, असे एका योद्ध्याने विचारले, तेव्हा तथागतांनी दोनदा त्याला हा प्रश्न नको म्हणून सांगितले. तिसऱ्यांदा विचारल्यावर, समोरच्यांचा नाश व्हावा अशा चित्ताने जो लढतो त्याची गती वाईट होते, असे ते म्हणाले. हे वचन कटू आहे. पण त्यातून घराला एक काम मिळते. मुलाशी बोलताना द्वेषाचे शब्द पाठवू नयेत. पलीकडच्या जवानालाही आई आहे, हे मनात ठेवून रोज संध्याकाळी दहा मिनिटे मैत्री भावना करावी. कर्तव्य करणारा हात आणि द्वेष करणारे चित्त वेगळे राहावे, यासाठी घरचे वळण उपयोगी पडते.

आणि अशुभ वार्ता आलीच तर? तो दिवस कोणावर येऊ नये. पण धम्म फक्त सुखाच्या दिवसांसाठी नाही. किसा गोतमी मोहरी मागत घरोघर हिंडली आणि मृत्यू न झालेले घर तिला सापडले नाही. आम्ही या कथेचा अर्थ असाही घेतो की त्या दिवशी तिच्यासाठी प्रत्येक घराचे दार उघडले आणि प्रत्येक घराने आपले दुःख तिला सांगितले. आपल्यालाही हेच करायचे आहे. अशा घरी बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे असले प्रकार होऊ देऊ नयेत. मिळणाऱ्या रकमेवरून नातेवाइकांत भांडणे लागतात, तिथे समाजाने वीरपत्नीच्या पाठीशी उभे राहावे. आणि हे चौदा दिवसांपुरते असू नये, पुढच्या वर्षीही असावे.

आमची सर्व सभासदांना व विद्यार्थ्यांना विनंती आहे की आपापल्या वस्तीत कोणाचा मुलगा, नवरा, मुलगी फौजेत आहे याची यादी करावी. दर पौर्णिमेला त्यांच्या घरी जाऊन वंदना घ्यावी आणि निघताना काही काम आहे का, हे विचारावे. विद्यार्थ्यांनी एखाद्या म्हाताऱ्या आईला पत्र लिहून द्यावे, फॉर्म भरून द्यावा. सीमेवरच्या जवानाला घर सांभाळले जात आहे, याची खात्री वाटली पाहिजे. ती खात्री देता आली, तर आपला धम्म आचरणात आला असे आम्ही समजू.

नमो बुद्धाय! जय भीम!