लॅपटॉप सारखा बंद पडतो? आधी नेटची जोडणी तपासा

आम्हा कापड व्यापाऱ्यांची बिले आणि उधारीचा हिशेब आता लॅपटॉपवर असतो. गिऱ्हाईक समोर असताना पडदा निळा (नव्या विंडोज ११ मध्ये काळा) होऊन यंत्र बंद पडले, की 'फॉरमॅट करा' असा सल्ला मिळतो. घाई करू नये. त्यात हिशेबच पुसला जाण्याची भीती असते.

त्या पडद्यावर 'एनडीआयएस डॉट सिस' हे फाईलचे नाव दिसल्यास संशय नेटच्या जोडणीवर घ्यावा. लॅपटॉपचे स्वतःचे वाय-फाय असताना वर यूएसबी वाय-फाय, व्हीपीएन आणि दोन अँटिव्हायरस घातले, तर त्यांचे ड्रायव्हर, म्हणजे ती यंत्रे चालवणारे प्रोग्राम, एकमेकांच्या आड येऊ शकतात.

प्रथम हिशेबाची नक्कल पेनड्राइव्हवर घ्यावी. मग यूएसबी वाय-फाय काढून एक-दोन दिवस पाहावे. फरक न पडल्यास जादा अँटिव्हायरस, त्यानंतर व्हीपीएन काढावे. नवा ड्रायव्हर आल्यापासून त्रास असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' करून जुना परत आणावा. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर दोष कशाचा ते कळत नाही. एवढ्यानेही भागले नाही, तर रॅम तपासून घ्यावी. फॉरमॅट सर्वांत शेवटी.