सकाळचे पहिले पाऊल

सकाळी उठून जमिनीवर पहिले पाऊल टेकले की टाचेत खिळा टोचल्यासारखी कळ येते. दहा-वीस पावले चालल्यावर ती ओसरते आणि दिवसभर उभे राहिल्यावर पुन्हा डोके वर काढते. मोहोपाड्यात फळ्यापुढे उभे राहणारे शिक्षक असोत की शेजारच्या पाताळगंगा औद्योगिक वसाहतीत पाळी करणारे कामगार, कडक फरशीवर तासन्‌तास उभे राहणाऱ्यांना हे दुखणे होण्याचा संभव अधिक. एक्स-रेमध्ये टाचेचे हाड वाढलेले दिसले की ‘आता ऑपरेशन’ या धास्तीने काहीजण चालणेच सोडतात. पण असे वाढलेले हाड टाच मुळीच न दुखणाऱ्या अनेकांच्या एक्स-रेतही सापडते. दुखतो तो टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत गेलेला जाड, चिवट पट्टा, प्लांटर फॅशिया.

त्याचे काम वर्गात सहज दाखवता येते. एका विद्यार्थ्याला अनवाणी उभे करा आणि त्याच्या पायाचा अंगठा हाताने वर उचला. तळपायाची कमान उंचावलेली दिसेल. रहाटावर दोर गुंडाळला की पोहरा वर येतो ना, तसाच हा पट्टा बोटांच्या सांध्यांभोवती गुंडाळला जाऊन कमान ताठ करतो. जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये या रचनेला रहाटाचीच उपमा दिली होती. चालताना प्रत्येक पावलाला हा पट्टा असा ताणला जातो. रात्री मात्र पाऊल खाली झुकलेले असते, पट्टा आखडतो, आणि सकाळी एकदम सारे वजन त्यावर पडते.

वैद्यकीय नावात ‘दाह’ असला तरी २००३ साली ५० रुग्णांच्या ऊतींचे नमुने तपासले, तेव्हा दाहापेक्षा तंतूंची झीजच दिसली. माझ्या मते हा मुद्दा महत्त्वाचा आहे. झिजलेल्या तंतूंना नुसती विश्रांती पुरत नाही, मोजूनमापून ताणही लागतो.

फिजिओथेरपिस्ट तोच देतात. अंथरुणातून उतरण्यापूर्वीच दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा, बोटे नडगीकडे ओढावीत, दहा अंक मोजावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोटरीचे ताण याच्या जोडीला. पुढची पायरी बळाची: बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पायरीच्या कडेवर उभे राहायचे, तीन सेकंदांत टाच उचलायची, दोन सेकंद थांबायचे, तीन सेकंदांत खाली. हे एक दिवसाआड. डेन्मार्कमधील एका अभ्यासात या व्यायामाने तीन महिन्यांनी नुसत्या ताणापेक्षा अधिक आराम पडला. वर्षअखेर मात्र दोन्ही गट सारखेच होते! तेव्हा घाई नको. बहुतेकांचे दुखणे शस्त्रक्रियेविना बरे होते, पण महिने लागतात. तोवर मऊ तळव्याची चप्पल घालावी आणि तासाला अधूनमधून खुर्ची वापरावी.

पाय बधिर होत असेल, टाच सुजली असेल किंवा झोपेतही ठणकत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. आणि पाचवी-सहावीतला, खूप धावणारा मुलगा टाच दुखते म्हणाला, तर त्याला वरील व्यायाम सांगू नयेत. त्या वयात दुखते ते बहुधा टाचेच्या हाडाचे वाढते टोक.