‘दादर टी. टी.’ : ट्राम गेली, नाव राहिले

मुंबईच्या स्थळनामांत ‘दादर टी. टी.’ या नावाचा विचार स्वतंत्रपणे करणे अगत्याचे आहे. टिळक पुलाच्या पूर्वेकडील या चौकास खोदादाद सर्कल असे नाव आहे. तथापि लोकव्यवहारात ‘टी. टी.’ हेच रूढ आहे. ही अक्षरे ‘ट्राम टर्मिनस’ या शब्दांची होत. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. त्या रात्री बोरीबंदरहून निघालेली अखेरची गाडी दादरकडेच आली, हा योगायोग नामाभ्यासकास सुखविणारा आहे.

मुंबईत ९ मे १८७४ रोजी सुरू झालेली ट्राम घोडे ओढीत. विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी धावू लागली, आणि १९२० मध्ये दुमजली गाड्या आल्या. दरम्यान १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टने (१८९८) दादर-माटुंगा भागात नवी वसाहत आखली. दादरच्या टर्मिनसला महत्त्व आले ते या वस्तीमुळे.

‘टर्मिनस’ हा मूळ लॅटिन शब्द. अर्थ सीमा किंवा सीमेचा दगड. व्हिक्टोरिया टर्मिनसमुळे मुंबईकराच्या मनात या शब्दाशी घुमट व कमानी निगडित झाल्या. ट्रामला मात्र अशा वास्तूची निकड नसते. दोन्ही टोकांनी चालविता येणारी गाडी वळवावी लागत नाही. चालक दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला, तारेला टेकणारा दांडा फिरविला, की परतीचा प्रवास सुरू. उतारूही रस्त्यावरूनच चढतात. रूळ संपले तेथे टर्मिनस, इतकाच त्याचा अर्थ.

मग गोवालिया टँक हेही ट्रामचे टर्मिनस असता त्यास ‘टी. टी.’ का चिकटले नाही? आमच्या मते उत्तर ट्रामच्या इतिहासात नसून भाषेच्या गरजेत आहे. तेथे नाव एकच होते, ठिकाण एकच होते. दादर मात्र रेल्वेने दुभंगलेले. पश्चिमेकडील भागास बी. बी. अँड सी. आय. रेल्वेवरून ‘दादर बी. बी.’ म्हणत, पूर्वेस ‘दादर टी. टी.’ अशी व्यावर्तक जोडी सिद्ध झाली. ती रेल्वे १९५१ मध्ये पश्चिम रेल्वेत विलीन झाली आणि ‘बी. बी.’ हळूहळू मागे पडले. ‘टी. टी.’ टिकले, कारण ते केवळ दिशा न राहता एका चौकाचे नाव झाले होते.

व्याकरणदृष्ट्याही ते आता एकसंध नाम आहे. ‘टी. टी.ला उतरलो’, ‘टी. टी.वरून बस पकडली’ असे विभक्ती-शब्दयोगी प्रत्यय त्यास थेट लागतात, शिवाय ‘टी. टी. सर्कल’ असा नवा समासही झाला आहे. उत्तरेकडे ‘टी. टी.’ म्हणजे तिकीट तपासनीस. मुंबईत त्यास ‘टी. सी.’ म्हणत असल्याने येथे गोंधळ संभवत नाही. गोंधळ झालाच तर कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसशी, म्हणजे ‘एल. टी. टी.’शी होईल, आणि सामान घेऊन निघालेल्या प्रवाशास तो महागात पडेल.

फोडीचा अर्थ विसरला गेला तरी नाव चालते. संशोधकाची अडचण तेथेच सुरू होते. रुळांच्या बाबतीत निदान डांबर उकरता येते. हुतात्मा चौकाच्या परिसरात २०१७ च्या सुमारास कामासाठी खोदताना जुने रूळ सापडलेही. परंतु अक्षरांची फोड सांगणारी पिढी गेली, तर ‘टी. टी.’ चा अर्थ कोणत्याही खोदकामाने वर येणार नाही. जुन्या दादरकरांच्या तोंडच्या अशा नावांची टिपणे आपल्या विभागाने आताच करून ठेवावीत.