मुक्या सोबत्याचा प्रवास

बदलीचा हुकूम हाती पडला की घरातील मंडळी नव्या गावचे घर, मुलांची शाळा आणि सामानाची बांधाबांध या चिंतांत गढून जातात. दारात शेपूट हलवीत बसलेल्या कुत्र्याची आठवण बहुधा अखेरच्या आठवड्यात होते. तोवर उशीर झालेला असतो. मग तो शेजाऱ्याच्या गळ्यात बांधला जातो, नाहीतर जुन्या वसाहतीतच मागे राहतो. मोठ्या शहरांतून गळ्यात पट्टा असलेली, पण कोणाचीच नसलेली कुत्री हिंडताना दिसतात, त्यांतली कित्येक अशी मागे राहिलेली असतात. मालकाचे मन कठोर असते असे नाही. पुष्कळदा दिवसांचा हिशेब चुकलेला असतो.

देशातल्या देशात प्रवास असेल तर हा हिशेब सोपा आहे. पिसाळरोगाची लस टोचल्याचे कार्ड आणि प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी पशुवैद्याकडून घेतलेला प्रकृतीचा दाखला, एवढे कागद बहुधा पुरतात. रेल्वेत कुत्र्याला मालकाच्या सोबत नेता येते ते फक्त पहिल्या वर्गात, आणि तेही सहप्रवाशांची हरकत नसेल तर. म्हणून दोन किंवा चार शायिकांची बंद खोली पूर्णपणे आपल्याच कुटुंबासाठी राखून घेणे हा निर्धोक मार्ग. वातानुकूलित द्वितीय वा तृतीय श्रेणीत आणि शयनयान डब्यात त्याला मज्जाव आहे. पहिल्या वर्गाचे भाडे परवडत नसेल त्याने कुत्र्याला ब्रेक व्हॅनमधील पेटीत ठेवावे. तेथे त्याच्या अन्नपाण्याची जबाबदारी मालकावरच असते, त्यामुळे गाडी मोठ्या स्थानकावर थांबली की पाण्याचे भांडे घेऊन धावणे आलेच. धर्मराजाने कुत्र्यावाचून स्वर्गात पाऊल टाकण्यास नकार दिला आणि प्रत्यक्ष इंद्राशी वाद घातला. पार्सल कार्यालयात मात्र वादाचा उपयोग होत नाही, तेथे वेळेवर केलेली नोंदणी आणि पावती लागते.

या पेटीबद्दल एक गोष्ट ध्यानी ठेवावी. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच अंग थंड करण्याचा त्याचा मुख्य उपाय. बंद, तापलेल्या जागेत तो अपुरा पडतो. वैशाखात नागपूर वा झाशीच्या वाटेने जाणाऱ्या गाडीच्या ब्रेक व्हॅनमध्ये कुत्रा घालण्यापेक्षा प्रवास लांबणीवर टाकलेला बरा. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना आणि पर्शियन मांजरांना हा धोका अधिक असतो. अनेक विमान कंपन्या अशा जातींना मालाच्या कप्प्यात घेतच नाहीत.

विमानाचे नियम कंपनीगणिक निराळे असतात. काही कंपन्या लहान प्राण्याला प्रवाशांच्या कक्षात घेतात, काही फक्त मालाच्या कप्प्यात, तर काही मुळीच घेत नाहीत. तिकीट काढण्यापूर्वी विचारून घ्यावे. पिंजऱ्याचे माप मात्र आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने ठरवून दिले आहे. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी घ्यावी, तीत जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवावा. ती पिंजऱ्याची लांबी. रुंदी खांद्यांच्या रुंदीच्या दुप्पट. उंची एवढी की, अंथरूण घातल्यावरही उभ्या प्राण्याचे डोके किंवा कान छताला लागू नयेत. थोडक्यात, त्याला उभे राहता, वळता आणि सहजपणे आडवे होता आले पाहिजे.

पिंजरा विकत आणणे सोपे, त्याची सवय लावणे अवघड. प्रवासापूर्वी निदान महिनाभर तो घरात उघडा ठेवावा. प्राण्याला जेवण त्यातच द्यावे आणि झोपही त्यातच घेऊ द्यावी. मालकाच्या अंगावरचा न धुतलेला एखादा कपडा आत असला की त्या वासाने परक्या जागीही धीर येतो. प्रवासाच्या दिवशी पोटभर जेवण टाळावे, पाणी मात्र तोडू नये. गुंगीचे औषध देण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो आवरावा, त्याने रक्तदाब आणि श्वासोच्छ्वास मंदावतो, आणि मालाच्या कप्प्यात त्याकडे लक्ष द्यायला कोणी नसते.

परदेशाचा हिशेब याहून वेगळा आहे, तो महिन्यांत करावा लागतो. याच्या मुळाशी पिसाळरोगाचे भय आहे. इंग्लंडने हा रोग मोठ्या कष्टाने हटविला होता. १९१८ साली, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर तो परतला आणि पुन्हा नाहीसा व्हायला १९२२ साल उजाडले. त्यानंतर परदेशी कुत्र्यांना तेथे सहा महिने विलगवासात राहावे लागे. २००० पासून काही देशांच्या बाबतीत ही सक्ती सुटली.

आज भारतातून युरोपीय संघात वा ब्रिटनमध्ये प्राणी न्यायचा तर क्रम असा. प्रथम खांद्यांच्या मधोमध कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवितात. तीत पंधरा आकडी क्रमांक असतो. प्राणी कोठे आहे हे ती सांगत नाही, तो कोणता आहे एवढेच सांगते. लस त्यानंतरच टोचावी, कारण आधी टोचलेली लस याच प्राण्याला दिली होती हे सिद्ध करता येत नाही. लसीनंतर निदान ३० दिवसांनी रक्त घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवितात. दर मिलिलिटरला प्रतिपिंडांचे ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरले म्हणजे लस लागू पडली असे ठरते. तरीही रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबावे लागते. हा विलंब अनेकांना जाचक वाटतो, पण त्यामागे विचार आहे. लस टोचण्यापूर्वीच पिसाळलेले जनावर चावले असेल तर लक्षणे दिसायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. तेवढा काळ वाट पाहिली की लपलेला रोग उघडा पडतो. पुढची लस ठरल्या तारखेला चुकली तर ही सारी साखळी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागते.

अखेरचा निर्यात-दाखला केंद्र सरकारच्या प्राणी विलगीकरण व प्रमाणीकरण सेवेकडून मिळतो. तिची कार्यालये दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर आणि हैदराबाद येथे आहेत. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केले असून सहा महिन्यांखालचे कुत्रे तेथे घेत नाहीत. जपान रक्ततपासणीनंतर १८० दिवस थांबवितो. ऑस्ट्रेलिया तर भारतातून थेट आलेले कुत्रे वा मांजर स्वीकारतच नाही. आधी एखाद्या मान्य देशात वास्तव्य करावे लागते. २०१५ साली जॉनी डेप या हॉलिवुडच्या नटाचे दोन छोटे कुत्रे खासगी विमानातून कागदांवाचून तेथे उतरले, तेव्हा मंत्र्यांनी त्यांना परत पाठवा, नाहीतर मारावे लागेल, असे बजावले होते.

परत मायदेशी आणतानाही आधी संमतिपत्र लागते. २०२२ साली युक्रेनमधून निघालेल्या काही भारतीय विद्यार्थ्यांनी आपल्या कुत्र्या-मांजरांवाचून येण्यास नकार दिला. बॉम्ब पडत असता कागद गोळा करणार कोठे? तेव्हा भारत सरकारने त्या प्रसंगापुरती ही अट सैल केली.

पोपटाची गोष्ट निराळी. आपला देशी पोपट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतो, त्यामुळे तो पिंजऱ्यात पाळणेच बेकायदा आहे, मग त्याला नेण्याचा प्रश्न कोठला?

मांजराच्या बाबतीत खरी कसोटी मुक्कामी पोचल्यावर लागते. कुत्रा माणसाला धरून राहतो, मांजर जागेला. नव्या घरी पहिले काही दिवस त्याला एकाच खोलीत, जुन्या अंथरुणासह ठेवावे, आणि दोन-तीन आठवडे दाराबाहेर सोडू नये.