समृद्धी महामार्गाहून लांब चेकची रांग

बँकेचा चेक असतो साधारण 20 सेंटिमीटर लांब. 2019 च्या अखेरीस न वटलेल्या चेकचे 35 लाख 16 हजार खटले देशभर तुंबले होते. खटल्यामागे एकच चेक धरून ते एकापुढे एक मांडत गेलं, तर मुंबई-नागपूरचा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग संपतो आणि चेक तरीही उरतात.

आकडा सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हाती घेतलेल्या प्रकरणातला. तेव्हा प्रलंबित फौजदारी खटले होते 2 कोटी 31 लाख. म्हणजे खून-दरोडे सगळे धरून शंभरातले पंधरा खटले एकट्या, चेक न वटण्याच्या, कलम 138 चे! हे कलम 1989 मध्ये आलं ते चेकला पत यावी म्हणून. खटला सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न करावा, असंही कायदा म्हणतो. आता हिशेब करा. एकच दंडाधिकारी, एका खटल्याला फक्त दहा मिनिटं, रोज पाच तास, वर्षाला 250 दिवस. लागतील सुमारे 469 वर्षं. 2019 ला काम संपवायचं तर शिवरायांच्या जन्माआधी 80 वर्षं बसायला हवं होतं. आणि दहा मिनिटांत तर समन्स बजावलं की नाही एवढंच कळतं.

उधारी अडकलेल्या व्यापाऱ्याला मात्र दिवस मोजून मिळतात. चेक परत आल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस, मग महिन्याभरात फिर्याद. चेक देणाराही सुटत नाही: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सही केलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला तरी पैसे देण्याची जबाबदारी सही करणाऱ्याचीच मानली जाईल, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2019 चाच. 'विश्वासावर दिला होता' हे पुराव्यानिशी सिद्ध करायचं त्यानेच.

एका निकालाने किती कागद हलतात तेही पाहा. 1 ऑगस्ट 2014 ला, महाराष्ट्रातूनच गेलेल्या दशरथ राठोड प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: खटला चालेल तो चेक देणाऱ्याच्या बँकेच्या गावी. साक्षीपुरावा सुरू न झालेल्या फिर्यादी परत मिळाल्या, 30 दिवसांत तिकडे दाखल करा म्हणून. इचलकरंजीच्या कापडवाल्याचं गिऱ्हाईक गुवाहाटीचं असेल, तर वकीलही गुवाहाटीत शोधायचा. व्यापाऱ्यांची ओरड दिल्लीपर्यंत पोचली. जून 2015 मध्ये अध्यादेश आला आणि खटल्याचं गाव पुन्हा बदललं: चेक घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत, तिचं. निकाल फिरवायला सरकारला अकरा महिनेही लागले नाहीत.